शाळेत टॅबलेट, क्रोमबुक, लॅपटॉप आणताना: मुंबईतल्या मराठी शाळांसाठी कामाचा क्रम

मुंबईतल्या मराठी शाळांमध्ये ही यंत्रं बहुतेक तीन वाटांनी येतात. माजी विद्यार्थी संघ देणगी गोळा करतो, एखादी कंपनी सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीतून टॅबलेट देते, किंवा अंधेरी-बीकेसीकडच्या एखाद्या ऑफिसातले जुने लॅपटॉप खोक्यांत भरून शाळेच्या दारात येतात. कुठल्याही वाटेने आली तरी स्टाफरूममधला पहिला प्रश्न ठरलेला: कंपनी कोणती घ्यायची? माझ्या मते हा प्रश्न बऱ्याच नंतर यायला हवा. त्याआधी शाळेने दोन गोष्टी मान्य कराव्यात. पहिली, मुलांच्या हातात यंत्र देण्याआधी किमान एक सत्र ते शिक्षकांच्या हातात असलं पाहिजे. दुसरी, मिळालेल्या रकमेतला साधारण तिसरा हिस्सा यंत्रं सोडून बाकीच्या गोष्टींसाठी राखून ठेवायचा: कपाट, वायरिंग, वायफाय, सुटे चार्जर, दुरुस्ती. पुढचा सगळा क्रम या दोन गोष्टींवर बेतलेला आहे.

मुंबईला याचा जुना अनुभव आहे. २०१५ साली महापालिकेने आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम आत भरलेले टॅब दिले. कल्पना चांगली होती, दप्तराचं ओझं खरंच मोठं आहे. पण २०१८ मध्ये बालभारतीची आठवीची पुस्तकं बदलली. पुस्तक बदललं की टॅबच्या पोटातला मजकूरही बदलावा लागतो, आणि तो कोणी बदलायचा, कोणत्या पैशांतून, हे खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवावं लागतं. आताही नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला आहे आणि पुढच्या इयत्तांचा टप्प्याटप्प्याने बदलायचा आहे. म्हणून कोणी आत भरलेल्या अभ्यासक्रमाच्या नावाखाली जास्त पैसे मागत असेल तर नको म्हणा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात तिच्या ई-बालभारती संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर पाठांचे व्हिडिओ मिळतात. छापील पुस्तकांतले क्यूआर कोड तिथेच नेतात.

कोणाला, कशासाठी, किती वेळ

मुख्याध्यापकांनी एक कागद घ्यावा आणि शाळेत यंत्र लागणारी कामं नुसती लिहून काढावीत. कार्यालयात यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, पगारपत्रकं, दाखले. शिक्षकांकडे हजेरी, निकालपत्रकं, प्रश्नपत्रिका, वर्गात प्रोजेक्टरला जोडून काही दाखवणं. मुलांकडे पाचवी ते सातवीत वाचन, भूगोलाचे नकाशे, जिओजेब्रासारख्या साधनाने भूमिती, छोट्या चाचण्या. आठवी ते दहावीत टायपिंग, स्प्रेडशीट, स्क्रॅचमध्ये सोपं प्रोग्रामिंग, प्रकल्प लिहिणं.

एवढं लिहिलं की अर्धी खरेदी आपोआप ठरते. कार्यालयातल्या कामाला मोठा पडदा आणि कीबोर्ड लागतो, तिथे टॅबलेट देऊन लिपिकाला त्रास देऊ नका. शिक्षकाला लॅपटॉप. सातवीपर्यंतच्या मुलांना टॅबलेट पुरतो. आठवीपासून पुढे कीबोर्ड असलेलं यंत्र हवं, कारण त्या वयात नुसतं बघण्यापेक्षा लिहिणं जास्त व्हायला पाहिजे. काचेवर बोटाने दोन पानं लिहायला लावली तर मूल दोन ओळींत आटोपतं.

संख्येबद्दलही घाई नको. एका वर्गात ४५ मुलं असली तरी ४५ यंत्रं लागत नाहीत. दोघांत एक दिलं तर मुलं एकमेकांशी बोलत शिकतात, भांडतातही, आणि तेही चालतं. एका वर्गाला पुरतील अशी २४ यंत्रं आणि दोन राखीव, असा एकच संच आधी घ्या. तो वेळापत्रकानुसार वर्गावर्गांत फिरवा. सहा महिन्यांनी वेळापत्रकातले सगळे तास भरलेले दिसले, शिक्षक रांग लावू लागले, तर दुसऱ्या संचाची मागणी करा. देणगीदारालाही असा पुरावा आवडतो.

कोणतं यंत्र

आता कंपनीचा प्रश्न. नाव सांगण्यापेक्षा काय बघायचं ते सांगतो.

अँड्रॉइड टॅबलेट घेत असाल तर रॅम किमान ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी असावी. २ जीबीचे स्वस्त टॅबलेट पहिल्या दिवशी ठीक चालतात, अ‍ॅपचे अपडेट येत गेले की रखडायला लागतात. पडदा १० इंचांच्या आसपास हवा, देवनागरीतले जोडाक्षर आणि मात्रा ७ इंचांवर लहान मुलांना त्रासाचे होतात. चार्जिंगचं तोंड यूएसबी-सी असावं, म्हणजे केबल कुठूनही मिळते. आणि विक्रेत्याला लेखी विचारा: या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? उत्तर नसेल तर तो टॅबलेट शाळेसाठी नाही.

क्रोमबुक म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. त्याला ही तारीख आधीच ठरलेली असते. २०२१ पासून पुढे बाजारात आलेल्या प्लॅटफॉर्मच्या (म्हणजे आतल्या मूळ रचनेच्या) क्रोमबुकना, तो प्लॅटफॉर्म बाहेर पडल्यापासून १० वर्षं अपडेट मिळतात. लक्षात घ्या, मोजणी तुमच्या खरेदीच्या तारखेपासून होत नाही. म्हणून स्वस्तात मिळालेलं जुनं मॉडेल असेल तर त्याची अखेरची तारीख गूगलच्या यादीत पाहूनच ऑर्डर द्या. सकाळ आणि दुपार अशा दोन शाळा एकाच इमारतीत भरतात तिथे मला क्रोमबुक सगळ्यात योग्य वाटतं. सकाळच्या मुलाने आपल्या खात्यातून बाहेर पडायचं, दुपारच्या मुलाने आपल्या खात्यात शिरायचं, एकाचं काम दुसऱ्याला दिसत नाही. टॅबलेटवर हे एवढं सहज होत नाही.

विंडोज लॅपटॉप शिक्षक आणि कार्यालयासाठी. इथे एक गोष्ट नीट पाहावी लागते: विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. देणगीत येणारे बरेचसे ऑफिस लॅपटॉप यापेक्षा जुने असतात. ते टाकाऊ नाहीत. त्यांच्यावर गूगलचं मोफत क्रोमओएस फ्लेक्स घालता येतं. त्याला ४ जीबी रॅम, १६ जीबी साठवण आणि ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर पुरतो. लिनक्सचा पर्यायही उत्तम आहे, पण तो सांभाळणारी व्यक्ती शाळेत असेल तरच.

देणगीतले लॅपटॉप स्वीकारण्याआधी देणाऱ्या कंपनीच्या आयटी विभागाकडून तीन गोष्टी लेखी घ्या. बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीचा, पासवर्ड काढला आहे, कंपनीच्या व्यवस्थापन यादीतून ते यंत्र वगळलं आहे, आणि हार्डडिस्क पुसली आहे. यातली दुसरी गोष्ट राहून गेली तर लॅपटॉप नव्याने सुरू करताच जुन्या कंपनीचं लॉगिन मागत बसतो आणि शाळेला काहीही करता येत नाही. बॅटरी फुगली आहे का हे टेबलावर सपाट ठेवून पाहा. टचपॅड वर उचललेला किंवा तळ गोल झालेला दिसला तर ते यंत्र त्याच दिवशी परत.

आयपॅड टिकतात, पण त्या किमतीत सर्वसाधारण अनुदानित शाळेला वर्गाचा संच होत नाही.

काहीही घेतलं तरी यंत्रावर आणि चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचं नोंदणी चिन्ह पाहा. लॅपटॉप, टॅबलेट, अ‍ॅडॉप्टर या सगळ्यांना ती नोंदणी सक्तीची आहे. किमतीत १८ टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा लागणार हे कोटेशनवर स्पष्ट लिहून घ्या. आणि वॉरंटी शाळेत येऊन दुरुस्तीची घ्या. सेवा केंद्रात नेऊन द्यायच्या वॉरंटीत शिपाईमामांचा अख्खा दिवस लोकलमध्ये जातो, तोही चार लॅपटॉपची पिशवी सांभाळत.

वीज, कपाट, पाऊस

या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि यंत्रं बंद पडण्याची कारणं बहुतेक इथेच असतात.

हिशेब सोपा आहे. टॅबलेटचा चार्जर साधारण १५ वॅटचा. असे ३० म्हणजे ४५० वॅट, आपल्या २३० व्होल्टवर दोन अँपिअर, साध्या सॉकेटला झेपतं. क्रोमबुकचा चार्जर ४५ वॅटचा असला तर ३० म्हणजे १३५० वॅट. भागा २३० ने, येतात जवळजवळ सहा अँपिअर, म्हणजे भिंतीवरच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटची शेवटची मर्यादा. ६५ वॅटचे ३० लॅपटॉप असतील तर साडेआठ अँपिअर, तिथे साधं सॉकेट चालणारच नाही. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी माळ लावून हा भार घेणं म्हणजे आगीला बोलावणं. गिरगाव, दादर, परळकडच्या जुन्या इमारतींत वायरिंगही तितकंच जुनं असू शकतं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चार्जिंगच्या कपाटासाठी मीटरपासून वेगळी लाइन ओढून घ्या: १६ अँपिअरचा पॉइंट, भार जास्त झाला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग. शाळेचा मंजूर भार वाढवावा लागेल का तेही तो सांगेल. मग शहरात बेस्टकडे आणि उपनगरांत तुमच्या वीज कंपनीकडे तसा अर्ज करा.

चार्जिंगचं कपाट तयार मिळतं, चाकांची ट्रॉलीही मिळते. ट्रॉली दिसायला छान, पण लिफ्ट नसलेल्या चार मजली शाळेत ती एकाच मजल्यावर अडकते. त्यापेक्षा लोखंडी कपाट, आत उभ्या खाचा, मागच्या बाजूला हवा जाण्यासाठी भोकं, आणि यंत्रं वर्गात नेण्यासाठी सहा-सहा यंत्रांच्या जाड कप्प्यांच्या पिशव्या. लोहाराकडून किंवा फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेलं कपाट स्वस्त पडतं. दार बंद करून रात्रभर चार्जिंग लावू नका. दुपारची शाळा सुटायच्या आधीचा एक तास आणि सकाळी शाळा भरायच्या आधीचा एक तास, दोन्ही वेळा कोणीतरी इमारतीत असताना.

कपाट तळमजल्यावर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पाऊस रोज होत नाही हे खरं, पण हिंदमाता, कुर्ला, सायन, मिलन सबवेच्या आसपासच्या शाळांना तळमजल्यात गुडघाभर पाणी येण्यासाठी ९४४ मिलिमीटरची गरजही नसते. पहिला किंवा दुसरा मजला, खिडकीपासून लांब, वरच्या गच्चीची गळती नसलेली भिंत. जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या ठेवा आणि त्या महिन्यातून एकदा बदला. समुद्राजवळच्या शाळांत खारट दमट हवेने चार्जिंगच्या तोंडावर हिरवट थर चढतो. कोरड्या मऊ ब्रशने तो हलका असतानाच झाडून टाकावा.

इंटरनेट: वर्गाचा, घराचा नव्हे

घरासाठी येणारा राउटर घरासाठीच असतो. त्याच्यावर २५-३० यंत्रं एकदम लावली की वेग कितीही घेतलेला असो, तो दम टाकतो. वर्गासाठी बनवलेला, वायफाय पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट छताला लावून घ्या आणि तो केबलने मुख्य राउटरला जोडा.

वेगाचा अंदाज असा करा. ४८०पी दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला साधारण एक ते दीड मेगाबिट लागतात, ७२०पीला अडीच. २४ यंत्रांवर एकाच वेळी वेगवेगळा व्हिडिओ चालला तर ४८०पीलासुद्धा ३६ मेगाबिट. म्हणून १०० मेगाबिटची लाइन एका संचाला भरपूर होते, आणि कार्यालयाचं कामही सुरळीत चालतं. चाळी आणि इमारती खेटून असलेल्या भागात शेजारच्या पन्नास घरांचे वायफाय हवेत गर्दी करतात. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. २.४ वापरावाच लागला तर १, ६ किंवा ११ यांपैकी ज्या चॅनलवर गर्दी कमी तो निवडा. जुन्या दगडी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ पलीकडे जात नाही, म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट त्याच खोलीत हवा.

तरीही नेट जाणारच, हे धरून चाला. उद्याच्या पाठाचा दीक्षावरचा मजकूर आदल्या दिवशी उतरवून ठेवायची सवय शिक्षकांना लावा. किविक्स हे मोफत अ‍ॅप घेतलं तर मराठी विकिपीडिया पूर्ण ऑफलाइन वाचता येतो. पाचवी-सहावीच्या मुलांना शोधून वाचायला शिकवण्यासाठी मला तो उघड्या इंटरनेटपेक्षा जास्त उपयोगी वाटतो, कारण मूल भरकटत नाही.

खाती आणि परवानगी

यंत्रं खोक्यातून बाहेर काढण्याआधी शाळेची खाती तयार असली पाहिजेत. कोणा शिक्षकाच्या खासगी जीमेलवर पंचवीस टॅबलेट सुरू केले, मग त्यांची बदली झाली किंवा त्या निवृत्त झाल्या, की सगळे टॅबलेट त्या एका पासवर्डला बांधलेले राहतात. फॅक्टरी रीसेट केला तरी अँड्रॉइड जुनंच खातं मागतो.

क्रम असा ठेवा. आधी शाळेच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घ्या. शिक्षणसंस्थांसाठीची डॉट एसी डॉट इन आणि डॉट ईडीयू डॉट इन ही डोमेनं अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था देते. त्या डोमेनवर गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची मूळ आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ३६५ ची ए१ आवृत्ती मागा. दोन्ही पात्र शाळांना मोफत आहेत, पडताळणीला काही दिवस लागतात. प्रशासक म्हणून दोन व्यक्ती नेमा, एक मुख्याध्यापक आणि एक शिक्षक. पासवर्ड हरवला तर लागणारे आणीबाणीचे कोड बंद पाकिटात, शाळेच्या तिजोरीत.

मग मुलांची खाती. खात्याच्या नावात मुलाचं पूर्ण नाव किंवा जन्मतारीख घालू नका. हजेरी क्रमांक आणि प्रवेशवर्ष पुरतं. वयाच्या सेटिंगमध्ये सगळ्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांखालील गटात ठेवा, म्हणजे बऱ्याच सेवा आपोआप मर्यादित होतात. बाहेरच्या पत्त्यांवरून मेल येणं-जाणं बंद करा, शाळेच्या आतल्या आत चालू द्या. खासगी खातं जोडायची आणि मनाला येईल ते अ‍ॅप टाकायची मुभा नको, शाळेने निवडलेलीच अ‍ॅप दिसावीत. क्रोमबुक असतील तर हे सगळं दुरून करण्यासाठी प्रत्येक यंत्रामागे क्रोम एज्युकेशन अपग्रेड हा वेगळा परवाना लागतो. त्याचा खर्च कोटेशनमध्येच घ्या, नंतर कोणी देत नाही. व्यवस्थापन नसलेले मोजके टॅबलेट असतील तर निदान सेटिंगमधलं अ‍ॅप पिन करणं शिक्षकांना शिकवा, म्हणजे उघडलेल्या अ‍ॅपमधून मूल बाहेर जात नाही.

परवानगीचा भाग औपचारिकता समजू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि बालकाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असं कायदा सांगतो. मुलांवर पाळत ठेवणं, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे. नियमांत शाळांना शिक्षण आणि सुरक्षितता या कामांपुरती काही सूट आहे, पण त्या सुटीच्या आधाराने बेफिकीर होऊ नये. जूनच्या पहिल्या पालकसभेत एका पानाचं मराठी पत्र द्या: कोणतं यंत्र, कोणती अ‍ॅप, कोणती माहिती साठवली जाईल, कोण बघू शकेल, वर्ष संपल्यावर तिचं काय होईल. ज्या आईला वाचता येत नाही तिला ते वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या. आणि एक गोष्ट आजपासून थांबवा: मुलांच्या आधार कार्डांचे फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागवणं.

आधी शिक्षक

लॅपटॉप शिक्षकांना दिवाळीच्या सुट्टीआधी द्या, मुलांचा संच जूनमध्ये येऊ दे. मधले महिने शिक्षकांचे. या काळात एक दिवसाचं मोठं प्रशिक्षण ठेवण्यापेक्षा शनिवारी शाळा सुटल्यावर तासाभराची छोटी बैठक ठेवा, आणि प्रत्येक बैठकीत शिक्षकाचं स्वतःचं रोजचं काम हातावेगळं होऊ दे. निकालपत्रक स्प्रेडशीटमध्ये. पाठाचा व्हिडिओ ऑफलाइन. पुढच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका.

प्रश्नपत्रिकेवर जरा थांबतो, कारण मराठी शाळेत शिक्षकांची खरी अडचण इथे आहे. कित्येक शाळांच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत आहेत. दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की सगळी अक्षरं निरर्थक चिन्हं होतात. पुढचं सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत, लिहायचं असा शाळेचा निर्णय करा. टायपिंगची तीन साधनं आहेत. रोज भरपूर लिहिणाऱ्या लिपिकाने इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाणित कीबोर्ड शिकावा, थोडा सराव लागतो पण वेग त्यातच आहे. अधूनमधून लिहिणाऱ्या शिक्षकांसाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. टॅबलेटवर गूगलच्या जीबोर्डचा मराठी कीबोर्ड, आणि त्यातलं बोलून लिहिण्याचं बटण. साठीजवळ आलेल्या बाईंना हे बटण दाखवा. ज्यांनी आजवर संगणकाकडे पाठ फिरवली होती त्या पूर्ण परिच्छेद सांगून लिहून घेऊ लागतात आणि मग चुका स्वतः दुरुस्त करतात. आठवीपासून मुलांना मात्र इनस्क्रिप्टच शिकवा, कारण पुढे कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही भारतीय लिपीत तीच जागा कामी येते.

दृष्टी कमी असलेलं मूल वर्गात असेल तर टॉकबॅक हे अँड्रॉइडमधलं वाचून दाखवणारं साधन मराठी आवाजात लावता येतं. विशेष शिक्षकांना प्रशिक्षणात आवर्जून बोलवा.

वर्गातली पहिली पाच मिनिटं

प्रत्येक यंत्राला क्रमांक, तोच क्रमांक कपाटाच्या खाचेवर, चार्जरवर आणि मुलांच्या जोडीच्या यादीत. सात नंबरची जोडी वर्षभर सात नंबरच वापरते. काच तडकली तर कोणाच्या तासाला तडकली हे त्याच तासाला कळतं आणि कोणावर खोटा आळ येत नाही.

प्रत्येक वर्गातले चार मॉनिटर यंत्रं आणतील आणि परत नेतील. वाटप होत असताना फळ्यावर आजचं काम लिहिलेलं असावं, नाहीतर उघडलेलं यंत्र घेऊन बसलेलं मूल आपलं काम स्वतः शोधतं. तास संपायच्या सात मिनिटं आधी काम थांबवायचं, खात्यातून बाहेर पडायचं, मोजून परत. दोन शाळा असतील तर सकाळच्या आणि दुपारच्या जबाबदार शिक्षकांची एका वहीवर सही हवीच. ही सही सुटली की महिन्याभरात चार्जर गायब व्हायला लागतात आणि दोन्ही स्टाफरूम एकमेकांकडे बोट दाखवतात.

घरी द्यावीत का? माझं उत्तर बहुतेक शाळांना नको असंच आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे महागडी वस्तू सांभाळण्याचं दडपण त्या मुलावर आणि त्याच्या आईवर येतं. फुटली तर भरपाई कोण देणार, या भीतीने टॅबलेट कपाटात कुलूपबंद राहतो. घरी जागा नाही म्हणून शाळेतच, शाळा सुटल्यावर दीड तास एक वर्ग उघडा ठेवणं जास्त उपयोगाचं. दहावीच्या मुलांना घरी द्यायचीच असतील तर नुकसानीची जबाबदारी शाळा आणि देणगीदार घेतील असं पत्रात स्पष्ट लिहा.

पडद्यासमोरच्या वेळेचं माप हवं असेल तर २०२० मधली केंद्र सरकारची प्रज्ञाता मार्गदर्शक तत्त्वं पाहा. त्यांत ऑनलाइन वर्गांसाठी पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं, नववी ते बारावीला चार, असं सुचवलं होतं. शाळेत समोरासमोर शिक्षक असताना यापेक्षा बरंच कमी पुरतं.

कुणा मुलाला ऑनलाइन त्रास झाला, धमकी आली, फोटो पसरला, तर काय करायचं हे प्रत्येक वर्गात मोठ्या अक्षरांत लावा: सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८. मुलाला आधी धीर द्या, स्क्रीनशॉट जपून ठेवा, यंत्रातलं काही पुसू नका. आणि शिक्षा म्हणून त्याच्याकडून यंत्र काढून घेऊ नका, नाहीतर पुढचं मूल कधीच सांगायला येणार नाही.

दुरुस्ती, सुट्टी, हरवणं, निर्लेखन

सगळ्यात जास्त बिघडतं ते तीन ठिकाणी: काच, चार्जिंगचं तोंड, केबल. केबल आणि चार्जर दर दहा यंत्रांमागे दोन जादा घेऊन ठेवा. वॉरंटी संपल्यावर लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग आणि दुरुस्ती दोन्ही मिळतं, पण वॉरंटी चालू असताना बाहेर यंत्र उघडलं तर ती जाते. बिघाडाची वेगळी वही ठेवा: क्रमांक, तारीख, काय झालं, कुठे दिलं, कधी परत आलं. एकाच खाचेतलं यंत्र वारंवार बिघडत असेल तर यंत्र बदलण्याआधी ती खाच आणि तिथलं सॉकेट तपासा.

मे महिन्यात आणि दिवाळीत यंत्रं पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण रिकामी ठेवून जाऊ नका. लिथियम बॅटरीला दोन्ही टोकं नको असतात, उन्हाळ्यात तर नाहीच. साधारण निम्मी भरून, बंद करून, चार्जर काढून ठेवा. सुट्टीत मध्ये एकदा कोणीतरी येऊन पाहावं.

चोरी झाली किंवा हरवलं तर त्याच दिवशी प्रशासकाच्या खात्यातून ते यंत्र बंद करा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. सिम बसणारा टॅबलेट असेल तर तक्रारीची प्रत जोडून संचार साथी पोर्टलवरून त्याचा आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक) ब्लॉक करता येतो. त्यासाठी सगळे आयएमईआय आणि अनुक्रमांक पहिल्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, लिहिलेले हवेत. खोकी नंतर कुठे जातात कोणालाच सापडत नाही.

शेवटी निर्लेखन, म्हणजे निकामी यंत्रं शाळेच्या नोंदीतून काढून टाकणं. दुरुस्तीपलीकडे गेलेली यंत्रं भंगारवाल्याला देऊ नका, आणि जिन्याखालीही साठवू नका, फुगलेल्या बॅटऱ्या तिथे धोक्याच्या असतात. आधी यंत्र शाळेच्या खात्यातून वगळा आणि माहिती पुसा, साठवण निघत असेल तर काढून वेगळी नष्ट करा. मग शाळा समितीत ठराव घ्या. यंत्रं सरकारी निधीतली असतील तर माध्यमिक शाळांनी आपल्या विभागाच्या शिक्षण निरीक्षक कार्यालयाची परवानगी घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रणकर्त्याकडेच गेला पाहिजे. ठरावाची प्रत, परवानगी आणि त्यांची पावती या तिन्ही गोष्टी रजिस्टरच्या त्या पानाला जोडून ठेवा. पुढच्या ऑडिटमध्ये पहिल्यांदा तेच पान मागतात.